टीव्हीशेजारचा नांद्रुक

फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या मावसबहिणीने तिच्या दिवाणखान्यातले नांद्रुकाचे बोन्साय माझ्याकडे आणून दिले, तेव्हा त्याच्या शेंड्यांवर मूठभर पाने शिल्लक होती आणि त्यांतली बरीच देठाकडून पिवळी पडत चालली होती. निळा चिनी मातीचा ट्रे, त्यातून वर आलेली रताळ्यासारखी फुगीर मुळे, त्यांच्या माथ्यावर बुटक्या फांद्यांचा झुबका आणि मातीवर गोंदाने घट्ट चिकटवलेले पांढरे गोटे, असे त्याचे रूप होते. वास्तुशांतीला भेट म्हणून आलेले हे झाड तेव्हापासून टीव्हीच्या शेजारी होते, म्हणजे खिडकीपासून दूर आणि एसीच्या झोताच्या वाटेत. पाने गळू लागल्यावर तिने रोज पाणी घालायला सुरुवात केली, त्यानेही गळती थांबेना तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून द्रवरूप खत दिले. “ताई, मेलंय असं सगळे म्हणतात, पण मला टाकवत नाही गं,” एवढे सांगून ती गेली.

आजारी बोन्सायला लोक हमखास तीन गोष्टी करतात: जास्त पाणी, खत आणि मोठी कुंडी. तिन्ही प्रेमापोटीच केल्या जातात आणि तिन्हींनी झाडाची अवस्था आणखी बिकट होऊ शकते. पाने गळाली की झाडाची पाण्याची गरज कमी होते, त्यामुळे तेवढेच पाणी चालू ठेवले तरी माती सतत ओली राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. खतातल्या क्षारांमुळे मातीतल्या पाण्याची तीव्रता वाढते आणि आधीच दुबळ्या झालेल्या मुळांना ते पाणी ओढून घेणे अधिक जड जाते. मोठ्या कुंडीत मुळे पोहोचलेली नसतात असा ओल्या मातीचा साठा वाढतो, म्हणजे पहिलाच दोष मोठ्या प्रमाणावर होतो. म्हणून अशा झाडाच्या बाबतीत पहिला दिवस फक्त पाहण्यासाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

झाड जिवंत आहे की नाही, हे पानांवरून ठरवू नये. नखाने साल अगदी हलकेच खरवडावी. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर तो भाग जिवंत, तपकिरी आणि कोरडे लागले तर तो भाग गेलेला. हे खोडापासून न करता फांदीच्या टोकापासून सुरू करावे आणि एकेक पेर मागे येत जावे, म्हणजे जिवंतपणाची हद्द नेमकी कुठे आहे ते कळते आणि खोडावर नको तेवढ्या जखमाही होत नाहीत. या झाडाच्या टोकाच्या काड्या वाकवताच कट्कन मोडत होत्या, मात्र मधल्या पेरांत हिरवा थर होता. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांना आणखी एक सोय असते, ती म्हणजे चीक. सुईचे टोक किंचित टोचल्यावर जाड मुळांपैकी दोघांतून पांढरा चीक थेंबाने वर आला, तिसऱ्यातून काहीच आले नाही आणि दाबल्यावर ते बोटाखाली मऊ लागले. रोगाचे ठिकाण तिथेच कळले. याच तपासणीत खोडावर फिकट उंचवटे दिसतात, ती कीड समजून लोक घासत बसतात. ती सालीवरची श्वसनरंध्रे असतात आणि त्यांना हात लावण्याचे कारण नाही.

दुकानांत ‘जिनसेंग बोन्साय’ या नावाने जे झाड विकले जाते, त्याचा जिनसेंग या औषधी वनस्पतीशी काही संबंध नाही. तो ‘फायकस मायक्रोकार्पा’, म्हणजे आपल्याकडचा नांद्रुक. वड, पिंपळ, उंबर यांचा हा भाऊबंद पुण्या-मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला भरघोस सावली धरून उभा असतो, भिंतीच्या फटीतही रुजतो आणि पावसाळी हवेत पारंब्या सोडतो. चीनच्या दक्षिणेकडील फूच्येन प्रांतात आणि तैवानात या झाडांची मोठ्या प्रमाणावर लागवड होते. जमिनीत मुळे फुगवून घेतात, मग ती उघडी करून वर बारीक आणि दाट पानांच्या जातीची कलमे बांधतात. असे झाड फूटभर उंचीचेच असले, तरी त्याची प्रकाशाची, हवेची आणि पाण्याच्या निचऱ्याची गरज रस्त्यावरच्या नांद्रुकासारखीच राहते. छाटणीने आकार लहान होतो, स्वभाव लहान होत नाही.

प्रकाशाचा फरक आपल्या डोळ्यांना जाणवत नाही, कारण डोळे मंद उजेडाला चटकन सरावतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाची तीव्रता १ लाख लक्सच्या घरात असते, ढगाळ दिवशी उघड्यावर ती बहुधा १० हजारांच्या वर राहते आणि दिवाणखान्याच्या मध्यावर, दिवसाही, जेमतेम १०० ते ३०० लक्स भरते. मोबाइलवरच्या एखाद्या लक्समापक ॲपने हे कुणालाही ताडून पाहता येईल. त्याचे आकडे काटेकोर नसतात, पण खिडकी आणि टीव्ही यांच्यातली तफावत दाखवायला ते पुरेसे आहेत. माझ्या बहिणीच्या घरी ज्या कोपऱ्यात हे झाड होते, तिथे नांद्रुक साठवलेल्या अन्नावर दिवस काढतो. जाड मुळांत साठा बराच असल्याने हे काही महिने चालते आणि मालकाला वाटते की झाड इथे रमले आहे. साठा संपत आला की पाने गळतात आणि मग दोष खताच्या अभावाला दिला जातो. ज्या जपानच्या नावाने आपण हे झाड घरात ठेवतो, तिथेही बोन्साय बाहेरच वाढवतात. तोकोनोमा नावाच्या शोभेच्या कोनाड्यात ते प्रसंगापुरते मांडतात आणि पुन्हा बाहेर नेऊन ठेवतात.

बोन्साय घरात ठेवल्याने घराची वाढ खुंटते, असे सांगणारी वास्तुशास्त्रातली मंडळी मला भेटतात. झाडाला आपण यातना देतो, असे म्हणणारी सहृदय माणसेही भेटतात. पहिल्यांशी मी वाद घालत नाही. दुसऱ्यांना मात्र एवढेच सांगावेसे वाटते की चांगल्या बोन्सायला उघड्यावरच्या कित्येक कुंड्यांपेक्षा अधिक निगुतीची देखभाल मिळते, आणि यातना असतीलच तर त्या कात्रीपेक्षा अंधाऱ्या कोपऱ्यात जास्त आहेत.

आता मुळांकडे वळते, कारण खरे काम तिथेच होते. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, आणि नांद्रुकाच्या मुळांना हात घालायला तोच काळ बरा, कारण उबेत नवी मुळे लवकर फुटतात. ऐन डिसेंबर-जानेवारीत मी शक्यतो हे काम टाळते. मुळे कुजतच असतील तर मात्र मुहूर्त पाहण्यात अर्थ नसतो. सर्वप्रथम चिकटवलेले गोटे काढावे लागले. वाहतुकीत माती सांडू नये म्हणून उत्पादक ते चिकटवतात आणि घेणाऱ्याला ती सजावट वाटते. प्रत्यक्षात त्या थरावरून पाणी घरंगळून कडेने निघून जाते, मधला गोळा कधी कोरडा ठणठणीत तर कधी चिखल राहतो, आणि माती पाहून ओलावा ओळखण्याची सोयच उरत नाही. पक्कडीने एक कोपरा उचकटल्यावर तो थर तुकड्यातुकड्यांनी निघाला. खाली काळपट, दाबून बसलेला पीटचा, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या मातीचा, गोळा होता आणि त्याला सांडपाण्यासारखा आंबूस वास येत होता.

बांबूच्या काडीने खोडापासून बाहेरच्या दिशेने विंचरत तो गोळा सोडवला आणि उरलेला भाग कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतला. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तांबूस असते आणि हाताला टणक लागते. कुजलेले मूळ काळे असते, आणि ते दोन बोटांत धरून ओढले की बाहेरची साल मोज्यासारखी सरकून हातात येते व आत नुसता धागा राहतो. असे धागे कितीतरी निघाले. ट्रेच्या तळाशी असलेले भोक मुळांनी आणि गाळाने बुजलेले होते, त्यामुळे वरून घातलेले पाणी तिथेच साचत असणार. जे फुगीर मूळ मऊ लागले होते ते धारदार, स्पिरिटने पुसलेल्या चाकूने कापत गेले. पहिल्या कापात आतला गर तपकिरी आणि ओला होता, बोटभर वर कापल्यावर तो पांढरा दिसला आणि चीक आला, तिथे थांबले. कापताना कंजूषपणा करू नये. कुजका भाग आत ठेवून झाकला तर कूज पुढे सरकते. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि काहींच्या त्वचेला तो खाजतो, म्हणून हातमोजे घातलेले बरे.

मातीचे मिश्रण हा बोन्सायवाल्यांचा आवडता वादविषय आहे. जपानी अकादामा माती उत्तम असते आणि आपल्याकडे महाग पडते. माझ्या अनुभवात आजारी फायकससाठी चाळलेल्या वीटचुऱ्याइतकी भरवशाची आणि स्वस्त वस्तू नाही. चांगल्या भाजलेल्या विटेचे तुकडे फोडून दोन चाळण्यांतून काढावेत. साधारण ३ ते ५ मिलिमीटरचे कण ठेवावेत आणि पीठ पूर्णपणे फेकून द्यावे, कारण तेच पुढे गाळ होऊन भोके बुजवते. त्यात थोडी जाड धुतलेली वाळू आणि अगदी मूठभर जुने गांडूळखत, एवढेच मी घातले. बागेतली काळी माती मुळीच घातली नाही. शेताला ती सोन्यासारखी असली तरी उथळ कुंडीत ती ओली असताना चिकटून बसते आणि वाळल्यावर भेगाळते.

निळा ट्रे धुऊन बाजूला ठेवला आणि झाड भाजीच्या लहानशा प्लास्टिकच्या टोपलीत, तळाला जाळी घालून लावले. टोपलीला सर्व बाजूंनी हवा लागते आणि निचऱ्याची चिंता राहत नाही. दिसायला ती वाईट दिसते, ही गोष्ट खरी. झाड टोपलीला ॲल्युमिनियमच्या तारेने घट्ट बांधणे मात्र फार महत्त्वाचे होते, कारण धरून ठेवणारी मुळेच उरली नव्हती. झाड वाऱ्याने किंवा पाणी घालताना हलले की नुकतेच फुटलेले मुळांचे टोक मोडते. अनेक झाडे कुंडी बदलल्यावर नीट धरत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा हे एवढेच कारण असते.

पाणी किती दिवसांनी घालायचे, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. त्याला उत्तर नाही, कारण मार्चमधली दुपार आणि जुलैमधली झड यांना एक वेळापत्रक लागू पडत नाही. जळून गेलेल्या उदबत्तीची काडी खोडापासून थोडी दूर, टोपलीच्या तळाच्या वरपर्यंत रोवून ठेवावी आणि पाणी घालण्याआधी उपसून गालाला लावून पाहावी. गार आणि ओली लागली तर पाणी नको, कोरडी होत आलेली असेल तर तळातून वाहून जाईपर्यंत घालावे. काही दिवसांत कुंडी उचलून वजनावरूनही अंदाज येऊ लागतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, त्यांचे पाणी जड असते आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरते, म्हणून त्या दिवसांत भरपूर पाणी घालून क्षार खाली वाहून जाऊ देते.

मुळे कमी आणि हवा कोरडी, या दोन गोष्टी एकत्र आल्या की उरलेली पानेही टिकत नाहीत. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्या आसपास उतरते. पानांवर पाण्याचा फवारा मारल्याने आर्द्रता वाढते ती काही मिनिटांपुरती. त्याऐवजी मी चार काड्या रोवून संपूर्ण झाडावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातली आणि बुरशी येऊ नये म्हणून रोज सकाळी थोडा वेळ ती उघडून ठेवत गेले. पिशवी असताना थेट ऊन अजिबात चालत नाही, आत भट्टी होते. म्हणून टोपली पूर्वेच्या गॅलरीत, हिरव्या शेडनेटच्या मागे, भरपूर पण पसरट उजेडात ठेवली. ज्यांना गॅलरी नाही त्यांनी झाड खिडकीला अगदी लावून ठेवावे आणि पांढऱ्या एलईडीचा चांगला दिवा झाडापासून फूटभरावर, दिवसाचे १२ ते १४ तास लावावा. नांद्रुक त्यावर बरा जगतो. दिवा छताला असेल तर त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपटीने घटतो.

त्यानंतरचे आठवडे कंटाळवाणे होते आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. उरलेली पानेही गळाली. ही या काळातली सर्वांत फसवी अवस्था आहे, कारण मुळे कामाला लागलेली असतात आणि वर मात्र झाड उघडे पडलेले दिसते, तेव्हाच धीर सुटून लोक खत टाकतात किंवा उपटून पाहतात. एप्रिलच्या सुमारास जुन्या लाकडावर, पानांच्या जुन्या वणाच्या वर, टाचणीच्या टोकाएवढे हिरवे डोळे उठले. नांद्रुकाचा हा मोठा गुण आहे, त्याला जाड, जुन्या खोडावरही डोळे फुटतात. डोळे फुटल्यावर पिशवीला आधी भोके पाडली, मग ती काढली, आणि सकाळचे कोवळे ऊन थोडे थोडे वाढवत नेले. सावलीत फुटलेली पाने एकदम उन्हात नेली तर करपतात. मेलेल्या काड्याही तेव्हाच छाटल्या, त्याआधी नाही, कारण कुठली फांदी परतणार हे झाडाआधी आपल्याला कळत नाही.

मे महिन्यात कोवळ्या देठांवरून मुंग्यांची रांग दिसू लागली. मुंग्या झाडासाठी येत नाहीत, चिकट गोडसर स्रावासाठी येतात, आणि तो स्राव कोण सोडते ते पाहायला हवे. पानाच्या मागच्या शिरेवर तपकिरी, चपट्या खवले किडी बसल्या होत्या, नखाने सरकवल्या की निघणाऱ्या. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक पुसून काढल्या आणि आठवड्याने पुन्हा तपासले, कारण पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. झाड लहान असण्याचा हा फायदा आहे, फवारणीवाचून भागते. काही पाने मधोमध मिटून द्रोणासारखी झाली होती, ते फुलकिड्यांचे काम. ती पाने तोडून पिशवीत बांधून टाकली. खत मी नवी पाने कडक, गर्द हिरवी झाल्यावरच सुरू केले, तेही शेंगदाण्याची पेंड भिजवून, भरपूर पातळ करून.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर टोपली गॅलरीच्या बाहेरच्या कठड्यावर आली आणि मग माझ्या हातात करण्यासारखे काही उरले नाही. ढगाळ उजेड, ऊब आणि ओलसर हवा ही नांद्रुकाची मूळची हवा आहे. ऑगस्टमध्ये एका फांदीच्या खालून तांबूस, दोऱ्यासारखी पारंबीही सुटली.

हे सारे नांद्रुकाचे झाले, सर्वच झाडांना असे चालणार नाही. जेडची, म्हणजे जाड गरदार पानांच्या झुडपाची, मुळे कुजली असतील तर कापल्यावर जखमा वाळेपर्यंत त्याला काही दिवस कोरडेच ठेवतात आणि नंतरही पाणी हात राखून घालतात. फुकियन टी, म्हणजे बारीक चकचकीत पानांचा आणि पांढऱ्या फुलांचा कार्मोना, उलट पाण्याची ओढ जराही सोसत नाही आणि मुळांना फार हात लावला की रुसतो. ज्युनिपर हे सूचिपर्णी झाड तर घरात ठेवायचे नव्हेच. ते मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवे दिसते, त्यामुळे आणणाऱ्याला ते गेल्याचे उशिरा कळते, आणि तोवर करण्यासारखे काही राहिलेले नसते.

आमच्या नांद्रुकाची एक अडचण अजून सुटलेली नाही. त्याच्यावर बांधलेल्या कलमांपैकी एक पूर्ण वाळले आणि त्या बाजूला जे धुमारे आले ते कलमाच्या खालून, मूळ झाडाचे आहेत. त्यांची पाने मोठी आणि टोकदार आहेत, दुसऱ्या बाजूची बारीक आणि गोलसर, त्यामुळे एकाच झाडावर दोन तऱ्हेची पालवी दिसते. प्रदर्शनाच्या दृष्टीने हा दोष आहे आणि एका जाणत्या स्नेह्याने खालचे धुमारे खुडून टाकायला सांगितले. मी ते ठेवले आहेत. मुळांना आत्ता पानांची गरज आहे, आणि माझा कल जिवंत राहिलेले कलमही पुढे काढून झाड पूर्णपणे मूळ नांद्रुकाचे करावे, याकडे आहे. मोठी पाने छाटणीने आणि भरपूर उन्हाने लहान करता येतात. बहिणीला मात्र तो बारीक पानांचा झुबकाच हवा आहे, त्यामुळे त्याचा निर्णय पुढच्या फेब्रुवारीत, टोपलीतून काढून मुळे पाहिल्यावर होईल. झाड तिच्या घरी परत जाईल, पण ते गॅलरीत राहील आणि टीव्हीशेजारी फक्त दिवाळीचे चार दिवस येईल, एवढे तिने कबूल केले आहे. निळ्या ट्रेला आणखी दोन भोके पाडून घ्यायची आहेत, त्यासाठी चिनी मातीला चालणारे ड्रिलचे पाते मिळते का, याची चौकशी सध्या चालू आहे.